अक्काच्या अंगाचं माप

बसवनगुडी, बेंगळुरू
६ मार्च २०२५

चि. दयानंद यास अ. उ. आ.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर मी आधी रडते, मग तू रागावतोस, आणि बोलायचं ते राहून जातं. पत्रात नाक पुसायला सवड मिळते.

तुला मूत्रपिंड द्यायला माझं रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. ह्यांनीही होकार दिला आहे. अडलंय ते माझ्या देहापाशी. डॉक्टर रक्षिता म्हणतात, नुसतं वजन बघून आम्ही कोणाला परत पाठवत नाही. वजनात हाड असतं, मांस असतं, पाणी असतं. त्यातली चरबी किती ते मोजू आणि मग ठरवू. परवा नर्सने कमरेला टेप लावली, दंडाची चिमूट चिमट्यात धरली. मंगळवारी यंत्रावर उभं करणार आहेत. अनवाणी उभं राहून हातांत दोन दांडे धरायचे, मग अंगातून अगदी बारीक वीज सोडतात. आत काय काय दडलंय ते ती सांगते म्हणे. आजवर आरसा सांगत होता ते कमी होतं बहुतेक.

काल दुपारी डोळा लागला, तर स्वप्नात मी त्या यंत्रावर उभी आणि आकडा उतरत चाललेला. बघता बघता पाय सुटले. खिडकीतून बाहेर पडले आणि गांधीबाजारातल्या फुलांच्या टोपल्यांवरून तरंगत गेले. खाली शेवंतीचे ढीग, माणसं भाव करताहेत, कोणी वर बघितलंसुद्धा नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मंगळवार चांगला जावा म्हणून मी माझ्यापरीने काही करणार आहे. ते विचारू नकोस, बोललं की फळ जातं. डायलिसिसची सुई टोचतात त्या तुझ्या हाताच्या शिरेचं मात्र खरं खरं कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी अक्का

* * *

संकेश्वर
१२ मार्च २०२५

ती. महानंदाअक्काच्या सेवेशी,
दयानंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बेळगावला नेलं आणि डायलिसिसच्या खुर्चीत वाचलं. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी विचारलं, कोणाचं? म्हटलं, हवेत तरंगणाऱ्या बहिणीचं. ते बराच वेळ वर छताकडे बघत राहिले.

तू तरंगतेस, मी बुडतो. रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येईपर्यंत मला डुलक्या लागतात, आणि स्वप्न एकच. हिरण्यकेशीत गळ्यापर्यंत उभा आहे आणि पाणी पितो आहे. नदी संपत नाही, माझी तहान भागत नाही. जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते. दिवसाचं पाणी इथे मोजून मिळतं, त्यातलं निम्मं गोळ्या गिळण्यात जातं.

हाताची शीर पुन्हा बंद पडली. आता गळ्यापाशी नळी बसवली आहे, ती फार काळ ठेवता येत नाही म्हणतात. म्हणून तर दोन्ही हात मोकळे आणि पत्र नीट धरता आलं. खरं कळव म्हणालीस, कळवलं.

तुझ्या मंगळवारचं काय झालं ते अजून समजलं नाही. यंत्र नाही म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. देवाने तुला एवढी ऐसपैस घडवली, ती कापायला घडवली नसेल.

कृपालोभ कमी न व्हावा. बाकीचं कितीही कमी झालं तरी चालेल.
दयानंद

* * *

बसवनगुडी
१५ मार्च २०२५

चि. दयानंद यास अ. उ. आ.

यंत्र नाही म्हणालं. चरबी त्यांच्या रेषेच्या वर गेली. फार नाही, पण वर ती वरच.

त्या सकाळी मला खात्री होती रे. तोंडाला कोरड पडलेली, ओठ सुकलेले, पण मन पिसासारखं हलकं होतं. दवाखान्याचा लांबलचक पांढरा बोळ पायाखालून आपोआप सरकत होता, सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. नर्सने विचारलं, कागदावरच्या सूचना सगळ्या पाळल्या ना, मी मान हलवली. वीज गेली तेव्हा काहीच कळलं नाही. मग कागद बाहेर आला आणि डॉक्टर रक्षितांचा चेहरा उतरला.

त्या भल्या आहेत. म्हणाल्या, स्वल्प थांबा अक्का, सहा महिने चाला, खाणं सांभाळा, परत मोजू. पण सहा महिने तुझ्या गळ्यातली नळी थांबणार आहे का? हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून माझ्याकडे न बघता बोलल्या.

घरी येऊन सगळ्या लुगड्यांच्या घड्या मोडल्या आणि परत घातल्या. मला माझ्या अंगाची आजवर लाज वाटली नव्हती. आता वाटते आहे. भावाला द्यायचं ते आत आहे आणि वरून मीच दार अडवून बसले आहे.

रागावू नकोस एवढंच मागणं.
अक्का

* * *

संकेश्वर
२४ मार्च २०२५

ती. अक्काच्या सेवेशी, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरतो आहे.

तोंडाला कोरड का पडली होती, अक्का? मी तुझा भाऊ आहे, तुझे उपास मला पाठ आहेत. माझ्या दहावीच्या परीक्षेला तू थुंकीसुद्धा गिळत नव्हतीस. सोमवारपासून तू पाण्याचा थेंब घेतला नसणार, आणि बोललं की फळ जातं म्हणून नर्सलाही सांगितलं नसणार.

बेळगावच्या डायलिसिस मशिनवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ही वीज पाण्यातून सहज जाते, चरबीत अडखळते. अंगच कोरडं असलं की जागोजाग अडखळते, मग यंत्र आहे त्याहून जास्त चरबी दाखवतं. म्हणजे चरबी कमी दिसावी म्हणून नवस तू केलास, आणि नवसानेच ती वाढवली. तुझ्यासारखी तूच.

हे मला तुझं पत्र आलं त्याच दिवशी उमगलं होतं. लिहिलं नाही. म्हटलं, गप्प राहिलो तर अक्का अख्खी राहील आणि दोष कोणाच्याच माथी येणार नाही. थोर भाऊ होऊन जायचं ठरवलं होतं. काल खुर्चीत परत नदी दिसली. या वेळी मी पीत नव्हतो, काठावर नुसता बसून होतो, अन् संध्याकाळ झाली तरी उठावंसं वाटत नव्हतं. जागा झालो तो घाबराघुबरा. माझा थोरपणा तिथेच संपला.

अक्का, मला जगायचं आहे. मला तुझं मूत्रपिंड हवं आहे. पाणी पी आणि परत जा.

तुझा
दयानंद

* * *

बसवनगुडी
४ एप्रिल २०२५

चि. दयानंद यास अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायले. तू तिकडे थेंब मोजतोस हे आठवलं, तरी प्यायले.

डॉक्टर रक्षिता आधी ओरडल्या, मग हसल्या. म्हणाल्या, देवाला सांगता तसं आम्हालाही सांगत जा. चार दिवस रोजच्यासारखं खाऊनपिऊन यायला सांगितलं. मग यंत्रावर उभी राहिले, आणि खात्रीसाठी एका लांब टेबलावर निजवलं. वरून एक दांडा सावकाश सरकत गेला, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पडद्यावर मी उमटत गेले. हाडं चांदण्यासारखी, त्यांभोवती सगळीकडे पिवळं धुकं, आणि त्या धुक्यात मी गाढ झोपलेली. किती तरी वेळ बघत राहिले. लाज नाही वाटली.

दोन्हीकडून माप रेषेच्या आत आलं. जेमतेम, पण आत. शस्त्रक्रियेच्या परवानगीसाठी तू इथे हवास, तेव्हा निघून ये.

आजवर तुझ्यासाठी इतके उपास केले, ते सगळे तुझ्या नकळत. तू कधी काही मागितलं नाहीस, आणि न मागता दिलेलं तुला पोचतं की नाही हे मला कधी कळलं नाही. या वेळी तू तोंडाने मागितलंस. ते वाक्य मी रोज एकदा वाचते.

ये, म्हणजे पत्रातली माया हातात देते.
तुझी अक्का