नायिका चुकते तेव्हा

११ नोव्हेंबर, सकाळी ७
रविवारी ग्रंथालयात माझं भाषण. विषय : अभिजात इंग्रजी कादंबऱ्यांतली सदोष नायिका आणि तिचं वेगळेपण. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हातचा मळ आहे.
काल ग्रंथपाल चहाला आले होते. म्हटलं, सदोष नायिका शोधायला लांब कशाला, आमच्याच स्वयंपाकघरात आहे! दोष पाच बोटांवर मोजून दाखवले. ग्रंथपाल हसले. बायकोने बॅग भरली आणि लेकीकडे गेली. साधी गंमत कळत नाही. (दोष सहावा.) संध्याकाळपर्यंत येईल.

१२ नोव्हेंबर
आली नाही. दूध उतू गेलं. नोट्स मात्र झकास. निर्दोष नायिका म्हणजे वर्गाच्या भिंतीवरचं चित्र. माझ्या आवडत्या कादंबरीतली सदोष नायिका चारचौघांत एका साध्या बाईला टोमणा मारते, सगळे हसतात, आणि घरी परतताना तिचेच डोळे भरतात. किती सुंदर! लिहिताना माझेही भरले.

१३ नोव्हेंबर, दुपार
लेकीचा फोन. आई नीट जेवत नाही. बाबा, एक वाक्य म्हणा आणि विषय संपवा. म्हटलं, भाषण होऊ दे. बायकोला चौथीच्या इंग्रजी पुस्तकातली चिमणीची कविता मेसेज केली. वर्गात चालीवर म्हणायचो तेव्हा शेवटचा बाकही गप्प व्हायचा. उत्तर आलं, 'पाठ आहे.'
विरघळतेय म्हणायची.

१४ नोव्हेंबर
मन मोठं करून फोन केला. म्हणालो, चुकलं असेल माझं. ती म्हणाली, अहो, 'असेल' कशाला? मी 'असेल'चा उपयोग दोन उदाहरणं देऊन समजावला. फोन कट झाला. रेंज नसेल.
संध्याकाळी जावई तिची औषधं, दुसरा चष्मा आणि शाल घेऊन गेला. चार दिवसांसाठी शाल कशाला? छातीत धडधडतंय. चहा जास्त झाला.

१५ नोव्हेंबर, रविवार
भाषण गाजलं! शेवटी म्हणालो, या नायिकेचं वेगळेपण दोषात नाही. चूक कळली की दुसऱ्याच दिवशी सकाळी, कुणी बोलावलेलं नसताना, ती चालत त्या बाईच्या दारात जाते. सबब सांगत नाही. टाळ्या.
तिसऱ्या रांगेत बायको! विचारलं, कसं झालं? म्हणाली, सगळं पटलं. मी ऐटीत तिची पिशवी उचलली. तिने काढून घेतली. म्हणाली, नायिका दुसऱ्या दिवशी जाते म्हणालात ना? आज पाचवा आहे.
म्हटलं, उद्या येतो. चालत. सातच्या ठोक्याला.

१६ नोव्हेंबर, सकाळी ११
निघताना चार ओळी सुचतायत असं वाटलं. बसलो. सुचल्या नाहीत. नऊ वाजले.
जिन्यात दोनदा थांबलो. बेल वाजवून डोळे मिटून घेतले, नाहीतर जमलं नसतं. दार उघडलं तसं म्हणालो, चुकलं माझं. चारचौघांत तुझं हसं केलं. माफ कर.
डोळे उघडले. समोर जावई, गालाला दाढीचा फेस. म्हणाला, बाबा, आई साडेसातपर्यंत बाल्कनीत बसून होत्या. मग आठच्या गाडीने मावशींकडे गेल्या. उन्हाळ्यापर्यंत तिकडेच राहणार म्हणाल्या.
बिचाऱ्याने फोन लावून हातात दिला. ती दोनदा हॅलो म्हणाली. कविता म्हणताना तिसऱ्या ओळीवर अडकलेल्या पोरासारखा मी उभा. पुढचं काही आठवेचना.