बाबांच्या पाठीला कळलं होतं

आई,

आधी एवढंच सांगते की बाबा ठीक आहेत. उजव्या हाताला भाजलं होतं, ते भरत आलंय. आत्ता ते पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेत आणि मी जेवणाच्या टेबलाशी लिहितेय. वाईट बातमी सांगायची तर आधी माणूस सुखरूप आहे ते सांगावं, काय झालं ते मागाहून, हे तुझंच शिकवणं. बख्शी का तालाबच्या, हवाई दलाच्या क्वार्टरांमधल्या सगळ्याच बायका तसं बोलायच्या. शेजारी आपल्यासाठी फोन आला की पलीकडच्या माणसानं पहिल्यांदा "सब ठीक है" म्हणायचं. ते ऐकू येईपर्यंत तू श्वास सोडायची नाहीस. तर सगळं ठीक आहे. मी गाडीचं इंजिन फोडलं. गाडीला आग लागली. बाबा आत होते.

तू गेल्यावर बाबा साताऱ्याला एकटे राहत होते, तुला माहीतच आहे त्यांना काय काय येत नाही ते. मी त्यांना इथे लखनौला घेऊन आले. घरात आम्ही दोघंच. मी सकाळी हजरतगंजच्या ऑफिसला जायचे आणि ते दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. सगळी नोकरी विमानाच्या इंजिनांशेजारी उभं राहून केलेली, कान कधीच गेले होते, जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तरच कळायचं. कानातलं यंत्र मी हौसेनं आणलं, ते त्यांनी खणात ठेवून दिलं. माझ्याशी बोलणं म्हणजे जेवलीस का, दार लावलंस का. मला वाटायला लागलं की हे असेच हळूहळू विझत जाणार आणि मी रोज ऑफिसातून येऊन ते बघत बसणार.

मग मी ती गाडी घेतली. जुनीच होती, पण टर्बोची. तुला टर्बो म्हणजे काय ते सांगायला हवं. इंजिनातून धूर बाहेर पडतो ना, त्या धुराच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा मी पाय जरा जोरात दाबला. ते एकदम ताठ झाले. मला वाटलं घाबरले. तर म्हणाले, "परत कर." मी म्हटलं, "आवाज ऐकू आला का?" तर म्हणाले, "आवाज कशाला हवाय? पाठीला कळतं."

त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं सुरू झालं, आई. चारबाग स्टेशनच्या मागे एका गल्लीत एक मिस्त्री आहे, गाड्या जोरदार करून देतो. लॅपटॉप लावून इंजिनाचं डोकं, म्हणजे त्यातला कॉम्प्युटर, बदलतो. आम्ही दर शनिवारी तिकडे. बाबा स्टुलावर बसून त्याला विचारायचे, दाब किती देतोस, तेल किती तापतं, आणि तो हसून म्हणायचा, "बाबूजी, आप तो पुराने खिलाड़ी निकले." आधी नुसतं लॅपटॉपवरचं काम झालं. मग मोठा टर्बो बसवला. मग मोठा सायलेन्सर, मग शर्यतीच्या गाडीसारख्या खोलगट सीटा आणि खांद्यावरून येणारे चार पट्टे. ते पट्टे बाबांनीच मागितले. म्हणाले, विमानात असायचे तसे. मिस्त्री एकदा म्हणाला होता, "मैडम, ताकत डबल हो गई है, अंदर पिस्टन-रॉड अब भी कंपनी के हैं. इनको भी बदलवा लीजिए." आम्ही म्हटलं, बदलू, दिवाळीनंतर बदलू. बाबांना भूक लागायला लागली होती, रात्री झोप यायला लागली होती. मला तेवढं दिसत होतं.

तू असतीस तर हे काही झालं नसतं. मला तो क्वार्टरमधला दिवस आठवतो. मी चौथीत किंवा पाचवीत असेन. तू थालीपीठ थापतेयस आणि मी ओट्याला टेकून उभी आहे. बाबा दुरुस्तीनंतरच्या चाचणीच्या उड्डाणात बसलेले. तू कधी खिडकीतून बघायची नाहीस, नुसती ऐकायचीस. विमानाचा आवाज लांबून यायला लागला की तुझे हात मंदावायचे आणि चाकं टेकली की पुन्हा चालू व्हायचे. त्या दिवशी तुझे हात थांबले ते थांबलेच. तू म्हणालीस, "एकच आहे." मी विचारलं, काय एकच? "गप्प बस! ऐकू दे मला!" इतक्या जोरात तू माझ्यावर आधी कधी ओरडली नव्हतीस. तव्यावरचं थालीपीठ काळं झालं, मला वास येत होता आणि तुला सांगायची माझी हिंमत नव्हती. मग विमान उतरलं. दोनातलं एक इंजिन बंद करून त्यांना परत यावं लागलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बाबा सायकलवरून आले, हात धुतले आणि म्हणाले, "आज काय केलंयस?" तू वाढलंस. तेव्हा मला तुझा राग आला होता, एवढं ओरडायला काय झालं म्हणून. मला नोकरी लागली तेव्हा तू माझ्या स्कूटरसाठी हेल्मेट आणलंस, माझ्या डोक्याला सैल होणारं, तेव्हाही मी वैतागले होते. लखनौत त्या वेळी एक बाई हेल्मेट घालत असेल तर शपथ. ऑफिसातले सगळे हसायचे.

आता जे झालं ते सांगते. थंडीतली सकाळ होती, धुकं नुकतंच वर गेलं होतं. बाबा म्हणाले, "तलावाकडे जाऊन येऊ. आपलं क्वार्टर बाहेरून तरी दिसेल." आम्ही सीतापूरच्या रस्त्याला लागलो. शहर मागे पडलं, दोन्हीकडे ऊस आणि मोहरी. रस्ता मोकळा. मी पाय दाबला. बाबांनी डोकं मागे टेकलं. गाडी पुढे उसळली, आणि मग आतून कुणीतरी हातोडीनं ठोकायला लागल्यासारखा आवाज आला. तीन-चार ठोके. मला वाटलं, खालून दगड लागतायत. मग असा धमाका झाला की तो माझ्या पायाच्या तळव्यांना लागला, आणि त्यानंतर सगळं गप्प. इंजिनच गप्प. गाडी मात्र धावत होती.

ती शांतता मला विसरता येत नाही. मी क्लच दाबला, कसा दाबला ते माहीत नाही. काचेवर तेलाचे शिंतोडे, पुढचं काही दिसत नाही, पांढरा धूर. स्टिअरिंग दगडासारखं जड झालेलं. ब्रेकवर पाय दिला, दोनदा तो लागला, नंतर पेडल लाकडासारखं ताठ झालं. चाकं आपल्याच तेलावरून घसरत होती. डावीकडे उसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता, त्या ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोकं मला बाबांच्या खिडकीशी दिसली. इतकी जवळ की त्यांवरची धूळ दिसत होती. मी दोन्ही पाय ब्रेकवर दाबून अक्षरशः उभी राहिले. ट्रॉली मागे राहिली. गाडी कच्च्यात उतरली, उडाली, थांबली. मी बाबांकडे बघितलं. ते पुढे बघत होते. बॉनेटच्या कडेनं एक नारिंगी जीभ बाहेर आली, आत गेली, परत आली.

मी उतरले, पलीकडे धावले, त्यांचं दार उघडलं. पट्ट्यांचं बक्कल त्यांच्या पोटावर आणि त्यांची बोटं त्यावर नुसतीच फिरतायत, सांधे आखडलेले. मी पट्टे ओढायला लागले. जितके ओढावे तितके आवळत होते. धूर आत यायला लागला. रबर जळल्याचा वास. माझ्या तोंडून काय निघत होतं कुणास ठाऊक, मी रडत होते बहुतेक. आणि आई, बाबा माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाले, "ओढू नको, पोरी. फिरव. ते फिरवायचं असतं." मी फिरवलं. चारही पट्टे एकदम सुटले. मी त्यांना काखेत धरून बाहेर काढलं, तेव्हा तोल जाऊन त्यांनी हात टेकला तो बॉनेटवर. आवाज आला चर्रकन. ते ओरडले नाहीत. मी ओरडले.

ट्रॅक्टरवाला धावत आला होता. "बिटिया, बाबूजी को दूर ले जाओ! और दूर! बोनट मत खोलना, हवा लगेगी तो भभक जाएगा!" म्हणत त्यानं आणि आणखी दोघांनी शेतातली माती घमेल्यांनी टाकायला सुरुवात केली. त्यांनी ती आग विझवली कशी, मी बघितलंच नाही. मी बाबांना बांधावर बसवून त्यांचा हात माझ्या बाटलीतल्या पाण्याखाली धरून होते. पाणी संपलं तेव्हा कुणीतरी आणखी आणून दिलं. बाबांनी डाव्या हातानं बांधावरचं गवत घट्ट धरलं होतं. मी त्यांना घाबरलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

गाडी दोरीनं बांधून चारबागला नेली. काही दिवसांनी मिस्त्रीनं बोलावलं. इंजिन उघडून ठेवलं होतं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन फुटून त्याचे तुकडे झालेले, रॉड वाकून इंजिनाच्या बाजूनं बाहेर आलेला. माझी मूठ आत जाईल एवढं भोक. मिस्त्रीनं समजावलं, एक नळी चोंदली होती, त्या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा भरमसाट, आत भट्टीच झाली. त्या भोकातून तेल उडालं ते थेट तापून लाल झालेल्या टर्बोवर. तो म्हणाला, "मैडम, आप लोग बच गए, यही बहुत है." बाबांनी डाव्या हातानं पिस्टनचा तुकडा उचलला, उजेडात धरला, परत ठेवला.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मला सीतापूरच्या रस्त्याला वळल्यापासूनच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"पाठीला. एक सिलिंडर नीट पेटत नव्हता. कापरं होतं गाडीत."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो असतो तर तू गाडी वळवली असतीस." मग म्हणाले, "मला तलाव बघायचा होता."

मी आयुष्यभर असं धरून चालले होते की बाबा शेजारी आहेत तर यंत्राचं मला बघायला नको. ते बघतायत. आणि ते बघतच होते गं, त्यांना कळतही होतं. रिक्षा सिग्नलला थांबली. तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर बँडेजचा हात ठेवला आणि मी लहान असताना म्हणायचे तसं म्हणाले, "आईला सांगू नकोस हं."

मी त्यांच्याकडे बघितलं. गंमत करतायत का, की तू नाहीस हेच विसरलेत, हे मी बघत होते. ते रस्त्याकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. मी म्हटलं, "नाही सांगत." त्या क्षणी मला जी भीती वाटली ती आगीच्या वेळीही वाटली नव्हती. त्यानंतर ते तसं काही बोललेले नाहीत. तारीख बरोबर सांगतात, गोळ्या स्वतः घेतात, भाजीवाल्याशी भावावरून वाद घालतात. मी मात्र रोज कान लावून असते. त्यांच्या बोलण्यातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की माझे हात थांबतात. न्हाणीघरात पाणी पडायचं थांबलं आणि कडी वाजली नाही, की मी दाराबाहेर उभी. परवा त्यांनीच मला तिथे पकडलं आणि चिडले, "काय ऐकतेस एवढं?"

गाडी विकली. मिस्त्रीनंच घेतली, सुट्या भागांसाठी. त्यानं आधी विचारलं होतं, "बाबूजी, नया इंजन डाल के फिर से खड़ी कर दूँ? इस बार सब अंदर से मज़बूत." मी गप्प राहिले, कारण बाबा हो म्हणाले असते तर मी नाही म्हणू शकले असते की नाही, मला खरंच माहीत नाही. बाबा बराच वेळ त्या भोकाकडे बघत होते. मग म्हणाले, "नहीं बेटा. बस हो गया." मी आता मेट्रोनं ऑफिसला जाते. शनिवारी आम्ही घरीच असतो. ते बाल्कनीत बसतात, पण आता मला हाक मारून शेजारी बसवून घेतात आणि खालून जाणाऱ्या गाड्यांबद्दल बोलतात, कुठली नीट चालतेय, कुठली नाही. त्यांना ऐकू येत नाही. कठड्यावर हात ठेवून सांगतात, आणि बरोबर सांगतात की नाही ते मला कळत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, आणि तसंही मी सांगणार नाही असा शब्द दिलाय. तू ओरडली असतीस. मला ते ऐकायचं होतं.

एक राहिलं. ऑफिसात माझ्या हाताखाली इतकी माणसं आहेत, त्यांतल्या कुणाला खरं वाटणार नाही. त्या दिवसापासून मला गॅस पेटवता येत नाही, आई. तो भप्प करून पेटतो ना, तेवढं मला सहन होत नाही. मी आधण ठेवते, चहा-साखर काढून ठेवते आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते. बाबा येतात, काही विचारत नाहीत, डाव्या हातानं लायटर धरून गॅस पेटवतात. मग म्हणतात, "ये आता."