परिच्छेद सहा वगळून

प्रति,
मा. विभागप्रमुख साहेब,
पेशी प्रयोगशाळा, मूत्रविकार चिकित्सालय,
श्टुटगार्ट परिसर, जर्मनी.

अर्जदार : पद्माकर गोविंद खांबेटे, वय ६९, सेवानिवृत्त अव्वल कारकून, तहसील कार्यालय, हल्ली मुक्काम मुलाकडे, गेर्लिंगेन.

विषय : सौ. विभावरी खांबेटे यांच्या दंडातून काढून वाढविलेल्या स्नायुपेशी नष्ट न करता अर्जदारास देणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ५ ऑक्टोबर २००६ चे पत्र (जर्मन भाषेतील).

महोदय,

१. अर्जदार जन्मभर अर्ज मराठीतच लिहीत आला व हाही मराठीतच लिहीत आहे. सूनबाई सौ. शमिका याचे जर्मन भाषांतर करून देतील. त्यांनी परिच्छेद सहा वाचू नये व भाषांतरातून वगळावा. तो साहेबांनी आपल्या स्तरावर समजून घ्यावा.

२. अर्जदाराची पत्नी विभावरी हिला अकरा वर्षांपासून लघवी न थांबण्याचा विकार आहे. शिंकली, खोकली, हसली की संपलेच. म्हणून तिने हसणे सोडले. अर्जदाराची त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती. घर शांत झाले. परंतु चिरंजीव हृषिकेश, जो येथे इंजिनिअर आहे, त्यास राहवेना. दंडाच्या स्नायूचा कणभर तुकडा काढायचा, त्याच्या पेशी सहा आठवडे वाढवायच्या आणि लघवीच्या वाटेवरच्या ढिल्या स्नायूत सुईने सोडायच्या, की तो पुन्हा धरू लागतो, असे त्याने फोनवर सांगितले. सबब उभयता तीन महिन्यांच्या व्हिसावर येथे आली व दि. २१ ऑगस्टला पत्नीचा तुकडा काढण्यात आला.

३. आपल्याकडील डॉक्टरीणबाईंनी पत्नीच्या हाती एक तक्ता दिला. किती वेळा, कशाने, पॅडचे वजन किती, ते पेशंटने स्वतः लिहायचे. आता चौतीस वर्षे सरकारी दप्तर सांभाळलेल्या माणसाच्या घरात नोंदी बायकोने करायच्या? अर्जदाराने रीतसर वही आखली. बिनसाक्षीची नोंद म्हणजे पाण्यावरची रेघ, म्हणून दर रविवारी जेवायला येणारे हृषिकेशचे सहकारी श्री. भास्कर व त्यांची पत्नी सौ. शोभना यांना पंच नेमले. ताटे घेण्यापूर्वी आठवड्याची वही मोठ्याने वाचायची, त्या दिवशीचा पॅड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. पंचनाम्यास संबंधित व्यक्ती हजर लागते, म्हणून पत्नीस समोर बसविले जाई. भास्कर "काका, राहू द्या ना" म्हणत, पण सही करीत. शोभना मान वर करीत नसत. सूनबाईंनी पहिल्याच सोमवारी काटा फेकून नवा आणला, हा खर्च विनाकारण झाला. पत्नी "अहो, पुरे करा हो" असे दोनदा म्हणाली. शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद आहे.

४. दि. ५ ऑक्टोबरच्या टेर्मीनला, म्हणजे नेमून दिलेल्या वेळेला, सुई तयार असताना पत्नी टेबलावरून खाली उतरली. "मला नको," एवढेच म्हणाली. हृषिकेश इथल्या सवयीने "आल्झो, आई, असं काय करतेस" म्हणत राहिला. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारले. तोवर पत्नीने चपला घातल्या. संमती न मिळाल्यास पेशी दि. १२ रोजी सायंकाळी नष्ट करू, असे आपले पत्र त्याच दिवशी हाती पडले.

५. सदर पेशी अर्जदारास मिळाव्यात. फोनवर चौकशी करता, दुसऱ्याच्या पेशी शरीर नाकारते, असे उत्तर मिळाले. दुसऱ्याच्या नाकारीत असेल हो! बायको दुसरी कशी? लग्नाला बेचाळीस वर्षे झाली असून रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून अर्जदाराचे नाव आहे. शिवाय पत्नीने अर्जदाराचे आजवर काहीही नाकारलेले नाही. मग अर्जदाराच्या शरीराने तिचे का नाकारावे, याचा साहेबांनीच विचार करावा.

६. (गोपनीय.) तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचे ऑपरेशन झाल्यापासून अर्जदारास हाच विकार आहे. तो पत्नीच्याच पुड्यातले पॅड वापरतो. वहीतील एकूण ८७ नोंदींपैकी ५८ अर्जदाराच्या आहेत. कुटुंबप्रमुखाच्या नावे असली नोंद शोभत नाही, म्हणून त्या पत्नीच्या नावे केल्या. कपडे तीच धुते, त्यामुळे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी सहाही रविवार ती पंचांसमोर बसली व तिने अर्जदाराचे नाव घेतले नाही. सुई नाकारून घरी आल्यावर ती अर्जदारास म्हणाली, "उद्या मी बरी झाले आणि तुमची वही तशीच भरत राहिली, तर ती माणसं कोणाकडे बघतील?" अर्जदारास गलबलून आले, हे तो प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तिला नकोच आहेत, तर पेशी वाया का घालवाव्यात, हा विचारही त्याच क्षणी मनात आला.

७. तरी सदर पेशी दि. १२ पूर्वी अर्जदारास टोचण्याचे आदेश व्हावेत. दप्तरी नाव मात्र पत्नीचेच ठेवावे.

आपल्या कृपेच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार,
पद्माकर गोविंद खांबेटे
गेर्लिंगेन, दि. ७ ऑक्टोबर २००६

सोबत :
१. नोंदवही, मूळ प्रत.
२. पंचनामे, एकूण सहा.
३. रेशनकार्डाची झेरॉक्स.

भाषांतर करणारीचा शेरा, दि. ९ ऑक्टोबर :

भाषांतर परिच्छेद सहासह पूर्ण केले आहे. बाबांच्याच नियमाप्रमाणे काल, रविवारी, ताटे घेण्यापूर्वी अर्ज दोन्ही पंचांसमोर मोठ्याने वाचला. संबंधित व्यक्ती, म्हणजे बाबा, समोर बसवली होती. भास्कर आणि शोभना यांच्या सह्या खाली आहेत. या वेळी शोभनाने मान वर करून सही केली.

पेशी आईंच्या आहेत. गुरुवारी, १२ तारखेला सकाळी अकरा वाजता, त्या टोचून घ्यायला आई स्वतः येतील. आता त्यांना कोणाचं नाव झाकायचं उरलेलं नाही.

परिच्छेद सहा ऐकताना आई रडल्या. "दप्तरी नाव मात्र पत्नीचेच" इथे आले, तेव्हा आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. पोट धरधरून, थांबेचनात. हसता हसता जे व्हायचं ते झालं. त्याची नोंद घेतलेली नाही.

— शमिका