बुर्गीआत्याच्या दारातला तेरावा

९ जानेवारी

कासियनकाकांच्या दोन्ही पायांशी (सुजलेल्या डाव्याला जरा सांभाळून) वेंडेलिनचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? लिंझला लेकीकडे बसून तिथल्या पावाला नावं ठेवणं चालू आहे ना? चालू ठेवा, मला बरं वाटतं. इकडे सगळं ठीक. लोहाराची गाय व्यायली, पाद्रीबाबांचा खोकला गेला, आणि पाच तारखेची सोंगांची फेरीही पार पडली. खरं तर ‘पार पडली’ एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होतो. पण आपलं गाव तुम्ही ओळखता. माझ्याकडून नाही कळलं तर दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून कळेल.

तीस वर्षं तुम्ही फेरीचे नायक होतात आणि यंदा पहिल्यांदा कंदील माझ्या हाती दिलात. देताना एकच बजावलंत: निघताना मोज, दर अंगणात मोज, परतल्यावर मोज. मी मनातल्या मनात हसलो होतो (आता कबूल करतो). माझी बेकरी आहे. पाव डझनांनी मोजणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आणि मला बारा माणसं मोजता येणार नाहीत?

निघताना बाराच होते, काका. लोहाराच्या अंगणात प्रत्येकाच्या कमरेला घंटा मी स्वतः बांधल्या, शिंगांचे लाकडी मुखवटे स्वतः चढवले. (पांक्रात्सच्या मुखवट्याला आतून दारूचा वास येत होता, त्याने आपली फेरी सकाळीच सुरू केली असावी.) साडेचारला अंधारून आलं तेव्हा आम्ही क्रेसेन्झच्या अंगणात होतो. सोंगांनी उड्या मारल्या, घंटांनी थंडीला शिव्या दिल्या, आणि क्रेसेन्झ वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली. बारा वडे बारा हातांत गेले. तरी एक सोंग ओंजळ पुढे करून उभंच.

“बेकर ना तू?” क्रेसेन्झ म्हणाली. “बारा सांगून तेरा आणतोस? पाव विकतानाही असंच मोजतोस का रे?”

मी मोजले. तेरा. दुसऱ्या टोकाकडून मोजले. तेरा. मग मी हुशारी केली (तेव्हा ती हुशारीच वाटली). प्रत्येकाला मुखवट्याआडून आपापलं नाव सांगायला लावलं. बारा नावं आली, बाराही आवाज ओळखीचे. “कोण राहिलं?” म्हणून विचारलं, तर तेरा मुखवटे माझ्याकडे वळले. त्यांतला एक आपल्यापैकी कोणी कोरलेला नव्हता. रंग पार उडालेला, लाकूड करडं पडलेलं, चेहरा म्हाताऱ्या बाईचा की बोकडाचा ते कळत नव्हतं. त्याच्या कमरेच्या घंटा आमच्यापेक्षा मोठ्या, पण इतरांबरोबर तो उड्या मारत होता तेव्हा त्या वाजत नव्हत्या. मी स्वतःची समजूत घातली, की पलीकडच्या खोऱ्यातलं कुणी फुकटचं खायला आलंय आणि घंटांमध्ये चिंध्या कोंबल्यात. समजूत पटली नाही.

तुमचा नियम आठवला: जास्तीचा निघाला तर त्याच्या मुखवट्याला हात लावायचा नाही, वाटेवरच्या क्रूसाच्या घुमटीपाशी जायचं, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी एकदमच मुखवटे उतरवायचे. म्हणून आम्ही घुमटीकडे निघालो. तो सगळ्यांच्या पुढे. घुमटीपाशी पोचलो, तर तो थांबलाच नाही. डावी वाट सोडून उजवीकडे चढाला लागला. मुखवटा घातलेल्या माणसाला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. बाराही जण मेंढरांसारखे त्याच्यामागे.

“अरे, तिकडे कुठे?” मी ओरडलो. “तिकडे आपण जात नाही!”

काका, ती वाट बुर्गीआत्याच्या घरी जाते. तुमच्या सख्ख्या बहिणीच्या. आजीच्या दफनानंतरच्या जेवणात रस्सा पातळ झाला असं तुम्ही म्हणालात, तिने डाव फेकून मारला, आणि तेव्हापासून अकरा वर्षं फेरी तिच्या दारात गेलेली नाही. ज्या घरी सोंगं नाचत नाहीत त्या घराचं वर्ष वाईट जातं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. (मी कुणाची बाजू घेत नाही. पण एका रश्श्यापायी अकरा वर्षं?)

बर्फ मांडीपर्यंत होतं. आम्ही रुतत, धडपडत, शिव्या देत चढत होतो. त्याचा पाय घोट्याइतकाही रुतत नव्हता. ते मी पाहिलं, आणि मग खाली बघणं सोडून दिलं.

आत्याच्या घरात दिवा नव्हता, धुरांड्यातून धूर नव्हता. गोठ्यात गाई हंबरत होत्या. सकाळपासून दूध काढलेलं नसावं. तो लाकडांच्या खोपटासमोर उभा राहिला, एक उडी मारली, आणि त्याच्या घंटा वाजल्या. संध्याकाळभरात पहिल्यांदाच. तो आवाज कसा होता ते विचारू नका. पांक्रात्स तिथल्या तिथे शुद्धीवर आला, एवढं सांगतो.

खोपटाचं दार ढकललं. आत ओंडक्यांची रास ढासळलेली आणि आत्या तिच्याखाली. सकाळी सरपण आणायला गेली होती. ओठ निळे पडले होते. आम्ही हलायच्या आत तो वाकला, तिच्या पायावरचा ओंडका एका हाताने उचलून बाजूला ठेवला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. (तोच ओंडका दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून हलवला. जेमतेम अर्धा हातभर सरकला.) पुढचं सगळं घाईत झालं. चौघांनी तिला घसरगाडीवर घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर पाद्रीबाबांनाच बोलवावं लागलं असतं. उरलेल्यांना घेऊन मी घुमटीपाशी आलो. प्रार्थना झाली, मुखवटे उतरले. आठ चेहरे. चार गाडीबरोबर गेलेले. बारा. तो कधी गेला, कुठे गेला, कोणी पाहिलं नाही.

आत्याचा पाय आता प्लास्टरमध्ये आहे आणि जीभ पूर्ण बरी आहे. दवाखान्यातला रस्सा पातळ असतो अशी तिची तक्रार आहे. मी तिला विचारलं, तो कोण होता? ती म्हणाली, “कोण म्हणजे? कासियन. ‘बुर्गली, रडू नको, पोरं आलीत,’ असं म्हणाला. मला बुर्गली म्हणणारा दुसरा कोण उरलाय?” आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडली.

तुमच्या हेडविगला आणि तिच्या मुलींना गोड पापे. तुमचाच,
वेंडेलिन

ता. क. आत्या मंगळवारी घरी येतेय. माफी ती मागणार नाही, पण माडीवरच्या खोलीत तुमच्यासाठी अंथरूण घालायला तिने सांगितलंय. तेव्हा या. आणि तिने विचारलं तर ‘हो, मीच होतो’ एवढंच म्हणा. घंटांबद्दल विचारलं तर चिंध्या कोंबल्या होत्या म्हणा.

दुसरा ता. क. हेडविगला फोन केला होता. ती म्हणते, पाच तारखेला तुम्ही दिवसभर कोचावर घोरत होतात. मी म्हटलं, तुझी काहीतरी गल्लत होतेय. तुम्हीही तिला तसंच सांगा. आणि तुम्ही खरंच कोचावर होतात का, ते मला मात्र लिहू नका.

तिसरा ता. क. आत्या म्हणते, जाताना तो ‘पुढच्या वर्षी येतो’ असंही म्हणाला. तेव्हा पुढच्या फेरीत मुखवटा घालून तुम्हीच उभे राहा. तेरा भरले तर मी घाबरणार नाही. चौदा भरले तर काय करायचं, तेवढं मंगळवारी येताना सांगा.