पाचव्या गाण्याचं अंकित

हैदराबाद
ता. ४ जानेवारी १९५५

तीर्थस्वरूप गं. भा. अव्वाच्या चरणी नातू मल्लिकार्जुनचे शरणु शरणार्थी वि. वि.

इकडे मी खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? तेल संपले असेल तर कळव, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

पत्र लिहायला कारण आनंदाचे आहे. आपल्या अज्जांची तबकडी निघणार. गेल्या होळीच्या सुमारास ते खोकला दाखवायला इकडे आले होते, तेव्हा आमच्या रेडिओच्या दुकानात कंपनीच्या साहेबांनी त्यांची चार गाणी फितीवर घेतली, हे तुला ठाऊकच आहे. पण एक पाचवे गाणेही त्या फितीवर निघाले. चार गाणी झाल्यावर आम्ही चहाला बाहेर गेलो आणि यंत्र चालूच राहिले. अज्जा एकटेच बाकावर बोटांनी ठकठक करत हळू गात बसले होते. ‘दारी उभा माझा जोडीदार, कडी माझ्या हाताला जड झाली गा.’ साहेब म्हणतात, बाकीची चार एकीकडे आणि हे एक एकीकडे. साक्षात शिव भक्ताच्या दारी आलाय आणि मायेने भक्ताचा हात बांधलाय! ऐकताना अंगावर काटा येतो.

गाणे मात्र अर्धवट होते. शेवटी अंकित नव्हते. त्यावर साहेबांनी उपाय काढला. तिसऱ्या गाण्याच्या शेवटची, अज्जांच्या नावाची ‘रेवण म्हणे गुरुसिद्धा, दार उघडले’ ही ओळ फितीतून कापून इथे जोडली. सुरुवातीची ठकठक काढून टाकली. जोड कुठे आहे ते मलासुद्धा ओळखता आले नाही.

सोबत छापील कागद आहे. वारस म्हणून तुझी सही लागते. माझी अव्वा अंगठा नाही, सही करते, असे मी साहेबांना मोठ्या ऐटीत सांगितले आहे. शिवरात्रीला तबकडी बाजारात येईल. आपल्या तालुक्याला, कल्याणच्या मोटार स्टँडावरच्या हॉटेलात फोनो आहे, तिथे सगळा मुलूख ऐकेल.

आशीर्वाद असू द्यावा, हे तुला सांगायला नको.

तुझा
मल्लिकार्जुन


मंठाळ
ता. १२ जानेवारी १९५५

चि. मल्लूस आशीर्वाद. किती ते पत्र वाचून झाल्यावर तूच मोज.

गुडघे हायत तसेच हायत. तेल नको. तुरी बऱ्या हायत. म्हैस येली, रेडा झाला. खबरबात संपली.

आता ऐक. तुझा आज्जा जिता असताना त्याचं गाणं ऐकाया तू कधी अर्धा घंटा बसला न्हाईस. बस चुकती म्हणायचास. आन् आता तो गेल्यावर तुझ्या अंगावर काटा यायलाय. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

अंकित म्हणजे काय, हे तुला धोतर नेसता येत न्हवतं तवापासून सांगितलंय. गाण्याच्या शेवटाला गुरूचं नाव येतं ती ओळ. ती कामून घालायची? तर जे गायलो ते खरं हाय, गुरू साक्षीला हाय, म्हणून. कोर्टात शपथ घेतात तसं. ज्या गाण्याचं मनात ठरलं न्हाई त्याला अंकित न्हाई, आन् अंकित पडलं न्हाई ते गाणं उंबऱ्याच्या भाईर न्हाई. आज्जानं चाळीस वर्सं हे पाळलं. उपाशी निजला असंल, पण बिनअंकिताचं गाणं कुणाच्या म्होरं म्हणला न्हाई. एकला बसला म्हणून तो गुणगुणला. तुमचं यंत्र कान लावून बसलंय हे त्याला कुणी सांगितलं? चोरून ऐकलं ते ऐकलं, वर त्याच्या तोंडात त्यानं न घेतलेली शपथ कोंबली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! तुझा साहेब उद्या माझी सही बी एका कागदावरनं कापून दुसऱ्यावर डकवील. जोड वळखू येणार न्हाई.

आन् ठकठक म्हणतोस ती ठकठक न्हवती. ती खाजाभाईची उठवण व्हती. खाजाभाई तुला आठवतो का? बावीस वर्सं आज्जाच्या जोडीला डफ वाजवला त्यानं. तुला खांद्यावर बसवून आळंदच्या बाजारला न्यायचा. गाणं सुरू व्हायच्या आधी तो डफावर दोन जड, तीन हलकी, एक जड अशी थाप मारायचा, मंग आज्जा तोंड उघडायचा. खाजाभाई गेल्यावर आज्जानं दुसरा डफवाला केला न्हाई. मरेपत्तूर नुसत्या एकतारीवर गायला. त्या दिवशी त्यानं बोटानं खाजाभाईची थाप वाजवली, आन् तुम्ही ती कचरा म्हणून काढून टाकली.

दारातला जोडीदार म्हणजे शिव, हे तुला कुणी सांगितलं? माणूस दारात आला की तुम्हा शिकलेल्यांना देवच दिसतो. माणूस दिसत न्हाई.

सही करणार न्हाई. कागद चुलीपाशी ठेवलाय, अजून घातला न्हाई.

लोभ हाय तेवढाच सांभाळ, वाढवाया जाऊ नको.

चंद्रम्मा


हैदराबाद
ता. २१ जानेवारी १९५५

तीर्थस्वरूप अव्वास मल्लिकार्जुनचे शरणु शरणार्थी.

तुझे पत्र वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. मी चोर नाही. बाकीच्या तीस गाण्यांचे काय झाले ते सांग. ती अज्जांबरोबर मातीत बसली. एक माणूस असा नाही की ज्याला ती येतात. हे पाचवे यंत्राने धरले नसते तर तेही गेले असते. गवई मेल्यावर गाणे कुणाचे? साहेब म्हणतात लोकांचे. मलाही तसेच वाटते. अज्जांना आता मान काय आणि अपमान काय?

गुलबर्ग्याच्या एका शास्त्रीबुवांनाही मी ओळ ऐकवली. त्यांनीही जोडीदार म्हणजे परमात्माच सांगितले.

खाजाचाचा मला चांगले आठवतात. अठ्ठेचाळीसच्या गडबडीत ते गेले, याचे मलाही वाईट वाटते. तेव्हा मी इकडे शाळेत होतो. पण त्यांचा या गाण्याशी काय संबंध? ठकठक ठेवायची तर ठेवू म्हणतो, मग तरी सही करशील?

अव्वा, रागावू नकोस, पण एक लिहितो. जन्मभर तू अज्जांशी भांडलीस. गाण्याने पोट भरत नाही म्हणालीस, एकतारी दोनदा अंगणात फेकलीस. आता त्यांचे नाव मोठे व्हायची वेळ आली तर तूच आडवी येतेस. गावात काही झाकायचे आहे का तुला?

साहेब थांबायला तयार नाहीत. तुझी सही आली नाही तर नातू म्हणून माझी चालेल, असे ते म्हणतात. मी अजून केलेली नाही. पंधरवड्याची मुदत आहे.

रागातही माया ठेव.

मल्लिकार्जुन


मंठाळ
ता. २९ जानेवारी १९५५

चि. मल्लिकार्जुनास,

एकतारी दोनदा न्हाई, तीनदा फेकली. लिहायचं तर नीट लिही.

झाकायचं हाय का म्हणून विचारलंस. व्हय, हाय. सात वर्सं झाकलंय. तुला वाटलं म्हातारीला टोचावं, पण सुई बरोबर जागेवर गेली. आता दम धरून वाच. माझी दुसरी यत्ता, ती बी अक्कलकोटाकडची, माहेरची. चुकलं अक्षर सुधारून घे. बाकी काही सुधारू नको.

फौज आली त्याच्या चौथ्या दिवशी, भर दुपारी. आदल्या साली रझाकारांनी आपल्याला लुटलं, आता गावच्या मुसलमानांची पाळी, असं म्हणत गल्लीतनं माणसं हिंडायलती. परकी न्हवती. आपल्या ताटात जेवलेली व्हती. तुझी आई बाळंतीण, तुझी बहीण आठ दिसांची. मागल्या दारावर थाप पडली. दोन जड, तीन हलकी, एक जड. हाक मारली तर गल्लीला ऐकू जाईल म्हणून त्यानं हाक मारली न्हाई, थाप मारली. ती थाप कुणाची हे आमच्या घरातल्या मांजराला बी ठावं व्हतं.

आज्जा उठला. मी आधीच दारापाशी व्हते. कडी मी धरली, मल्लू. मी. आज्जा म्हणला, सोड. मी म्हणले, घरात आठ दिसांचं लेकरू हाय. तो उभा ऱ्हायला. त्यानं माझा हात ओढला न्हाई, मी सोडला न्हाई. तीनदा थाप पडली. मंग पडली न्हाई. पुढं कल्याणच्या रस्त्याला काय सापडलं ते तुला ठावं हाय.

आता ते गाणं बघ. ‘कडी माझ्या हाताला जड झाली’ म्हणतो. त्याच्या हाताला कुठं व्हती? माझ्या हाताला व्हती. त्यानं ते आपल्यावर घेतलं. सहा वर्सं घरामागच्या परड्यात बसून ती एकच ओळ घोळायचा आन् तिथंच थांबायचा. मला वाटायचं मला टोचायला म्हणतोय, म्हणून एकतारी फेकली तिसऱ्यांदा. त्याला पुढची ओळ जमत न्हवती असं समजू नको. असल्या ओळी तो जेवताना करायचा. पण पुढं जी ओळ येते ती दार उघडल्याची, आन् दार उघडलं न्हवतं. खोट्यावर गुरूचं नाव घालायचं न्हाई म्हणून त्यानं गाणं तसंच ठेवलं आन् तसाच गेला. तुझ्या साहेबानं कैचीनं दार उघडलं! एवढं सोपं असतं तर मी तवाच कैची आणली नसती का?

मकबूलबी, खाजाभाईची बायको, गावाच्या टोकाला अजून ऱ्हाते. सात वर्सं मला एकच सांगती. म्हणती, रेवणअण्णाच्या दारापत्तूर पोचला असता तर माझा माणूस वाचला असता. असं म्हणून माझ्या पदरात चार शेंगा टाकती. त्या मी खाल्ल्यात. आता तिनं कल्याणच्या हॉटेलापुढं उभं ऱ्हाऊन त्याची थाप ऐकायची, आन् वर ऐकायचं की दार उघडलं?

तू विचारलंस, गवई मेल्यावर गाणं कुणाचं. बाकीच्या तीस गाण्यांचं मला बी वाईट वाटतं, तोंडानं कबूल करत न्हाई एवढंच. पण ह्याच्यातली थाप आज्जाची न्हाई, ओळ पुरी झाली न्हाई, आन् हात माझा हाय. तुझं त्याच्यात काय हाय?

आता सही करायची तर कर तुझी. मी झाकलेलं उघडं केलंय. तुला अडवायला माझ्या हातात कडी न्हाई.

लोभाचं तू बघ.

चंद्रम्मा


हैदराबाद
ता. ५ फेब्रुवारी १९५५

तीर्थस्वरूप अव्वा,

मी सही केली नाही. साहेबांना सांगितले की पाचवे गाणे काढाल तर ही ओळ चोरीची आहे असे मी स्वतः लिहून छापायला देईन. ते पुष्कळ बोलले. नोकरी घालवीन इथपर्यंतही आले. पण फीत माझ्याकडे दिली. तो जोड मी माझ्या हाताने सोडवला. तिसऱ्याची ओळ तिसऱ्याला परत लावली.

थाप कापलेला तुकडा कचऱ्यात गेला असे मी धरून चाललो होतो. तो दुकानात खिळ्याला टांगलेला सापडला. तीन हात भरेल. एकदाच लावून ऐकला. दोन जड, तीन हलकी, एक जड. अव्वा, मला खांद्यावर घेऊन चालताना चाचा माझ्या पायावर हीच वाजवायचे. मी विसरलो होतो. शास्त्रीबुवांना अर्थ विचारला आणि माझ्या पायाला विचारला नाही.

तुकडा कागदात गुंडाळून हावगेप्पा आडत्याच्या हातून पाठवत आहे. चार गाण्यांचे काय करू? पाचव्याचे काय करू? तू सांगशील तसे.

तू माझ्यावर पूर्वीसारखी ओरडत राहा, एवढेच मागणे.

मल्लू


मंठाळ
ता. १४ फेब्रुवारी १९५५

चि. मल्लूस अनेक आशीर्वाद. या खेपेला मोजू नको.

हावगेप्पानं पुडी दिली. एवढीशी काळी पट्टी, तिच्यात माणसाचा हात कसा मावतो देव जाणे.

छापील कागद सोबत धाडलाय. त्याच्यावर मी ‘चार गाणी. पाचवं न्हाई’ असं लिहून खाली सही केलीय. अक्षर वाकडं हाय, पण साहेबाला वाचता येईल. चारांवर अंकित पडलंय, ती आज्जानं स्वतः उंबऱ्याभाईर काढलेली हायत, जाऊ देत जगात. पाचवं जाळू नको, वाजवू नको. पेटीत ठेव. मकबूलबी हो म्हणंल त्या दिवशी बघू. तिच्या आधी मी बी हो म्हणणार न्हाई.

काल सकाळी तिच्याकडं गेले. शेंगा निवडायलती. मला बसाया पोतं दिलं. मी बसले न्हाई. पट्टी तिच्या हातात दिली, तुझ्या माणसाची थाप हाय म्हणले, आन् उभ्यानंच सगळं सांगितलं. आज्जाचं नाव मधे आणलं न्हाई, लेकराचं बी न्हाई. कडी माझ्या हातात व्हती एवढंच सांगितलं.

ती रडली न्हाई. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एकच विचारलं, थाप कितीदा मारली. मी म्हणले तीनदा. तिनं विचारलं, तिसरी कशी व्हती. मी म्हणले, हळू. मंग ती उठली, पट्टी घेऊन आत गेली आन् आतनं कडी घातली. कडी घातल्याचा आवाज भाईरून कसा येतो, ते मला ठावं न्हवतं.

मी तिथंच उभी ऱ्हायले. ऊन डोक्यावर आलं, तिच्या शेळीनं निवडलेल्या शेंगा खाल्ल्या, मी हाकलली न्हाई. दार उघडलं न्हाई. मी वाजवलं बी न्हाई.

उद्या परत जाणार हाय. शेळीनं खाल्ल्या तेवढ्या शेंगा तरी द्याव्या लागतील.

लोभ असू दे असं लिहायला आज मला लाज वाटती. तरी लिहिते. असू दे.

चंद्रम्मा