भाऊजींची स्लाइड

नागपूर, १४ मार्च १९८६

कुसुमताई,

फुप्फुसाच्या कॅन्सरवर मी संशोधन करून राहिलो. टीबी समजून औषधं दिलेल्या रोग्यांच्या जुन्या स्लाइड पुन्हा तपासतो. काल त्यात शालिकराम भाऊजींची निघाली. तिच्यात कॅन्सर स्पष्ट दिसतो. चार वर्षांपूर्वी 'कॅन्सर नाही' हा रिपोर्ट मीच दिला होता.

तू तेव्हा म्हणाली होतीस, "गुणवंता, नीट पाह्यजो रे."

"टीबीच आहे ताई, बरे होतील," मी म्हटलं.

मग टीबीच्या भीतीनं बोरगावात तुमच्या घरचं कोणी पाणी घेईना. तरी तू भाऊजी जाईपर्यंत सांगत राहिलीस, "माह्या भावानं पाह्यलं, होतीन बरे."

ऑपरेशननं ते वाचले असते का, सांगता येत नाही. पण तो रस्ता मी बंद केला.

गेल्या दिवाळीत मला वाढताना तू म्हणालीस, "तू होता म्हणून त्याईचे हाल कमी झाले." मी ते खरं मानून जेवलो.

संशोधनात मी 'पहिलं निदान चुकलं' एवढंच लिहिलं. कोणाकडून, ते लिहिलं नाही.

हे पत्र टाकलं तर तू मास्तरांकडून वाचून घेशील. दुसऱ्याच्या तोंडून हे तू ऐकू नयेस. म्हणून हे टाकत नाही; रविवारी मीच येतो. ऐकून मग घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा,
गुणवंता