‘गेश्विस्टर’ म्हणजे भावंड: कु. ईश्वरी हिच्या पाहुण्या-फीबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शाळा विभाग, लांडराट्सआम्ट (जिल्हा कार्यालय),
निडरलिंडिंगन.

अर्जदार: आत्माराम दत्तात्रय बारटक्के, वय ७१, सेवानिवृत्त वरिष्ठ सहायक (शिक्षण विभाग), सध्या मुक्काम सुनेकडे, ओबरहाझेलाख.

विषय: कु. ईश्वरी नागेश बारटक्के, इयत्ता दुसरी, हिला भावंडाच्या कारणावरून दिलेली फीमाफी रद्द झाल्याबाबत. तसेच तिला दि. ३ एप्रिलच्या चौकशीस न बोलावण्याबाबत.

संदर्भ: आपले दि. १४ मार्च २०२५ चे पत्र (पिवळ्या लिफाफ्यातून आलेले).

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदारास जर्मन येत नाही. अर्ज मराठीत लिहिला असून त्याचे जर्मन अर्जदाराची सून श्रीमती मुक्ता करून देईल. ती कामावरून दमून येते, सबब थोडक्यात आटोपावे असा अर्जदाराचा विचार होता. तो तडीस गेलेला नाही.

२. कु. ईश्वरी ही अर्जदाराची नात. तिचे वडील, म्हणजे अर्जदाराचे धाकटे चिरंजीव नागेश, दि. १३ ऑक्टोबर रोजी रविवारी सकाळी घरीच वारले. वय ३९. जुन्या घराचे भाडे एका पगारात बसेना, म्हणून जानेवारीत मुक्ताने ओबरहाझेलाखला लहान जागा भाड्याने घेतली. शाळा जुनीच ठेवली. घरासमोरची बस ईश्वरीला बावीस मिनिटांत शाळेच्या दारात सोडते. चौथ्या थांब्यापुढे जिल्हा बदलतो, हे बसला कळत नाही आणि ईश्वरीलाही कळले नव्हते. आपल्या कार्यालयास कळले.

३. परजिल्ह्यातून येणाऱ्या मुलांच्या फीस आपल्याकडे गास्टशूलगेल्ड म्हणतात. गास्ट म्हणजे पाहुणा, असे मुक्ताने सांगितले. दीड वर्ष एकाच खुंटीवर दप्तर टांगणारी मुलगी जानेवारीपासून पाहुणी झाली, हे अर्जदारास पचायला जड गेले. तथापि नियम तो नियम. अर्जदाराने तेहतीस वर्षे नियमच चालवले. पाहुण्याकडून पैसे घेण्याचा तेवढा कधी चालवावा लागला नव्हता.

४. आता मूळ मुद्दा. फीमाफीचा फॉर्म अर्जदाराने भरला. मुक्ता त्या दिवसांत कागद हातात घेऊन नुसती बसून राही, म्हणून तिच्याकडून मुखत्यारपत्र घेतले. फॉर्मात विचारले होते की, याच शाळेत मुलीचे कोणी ‘गेश्विस्टर’ आहे काय. अर्जदाराने मोबाइल फॉर्मवर धरला. मोबाइलने मराठी दाखवली: भावंड. मग विचार करण्यासारखे काही उरलेच नाही. अर्जदाराचे थोरले चिरंजीव गुरुदत्त यांचा मुलगा ओजस त्याच शाळेत चौथीत आहे. अर्जदाराने सुवाच्य अक्षरात त्याचे नाव लिहिले. आडनाव एकच, त्यामुळे जन्मदाखले मागवीपर्यंत आपल्याकडेही कोणास शंका आली नाही.

महोदय, मराठीत चुलत भाऊ हा भावंडच असतो. त्यातही ‘सख्खा चुलत’ असा एक प्रकार असतो. तो जर्मनमध्ये कसा बसवायचा, यापुढे मुक्ताने हात टेकले आहेत. ईश्वरी ओजसला दादा म्हणते. तिचे ऐकून दुसरीचा सगळा वर्ग त्याला दादा म्हणतो, आणि वर्गशिक्षिकाबाईंचा समज असा की त्याचे नावच दादा आहे. भाऊबीजेला ती त्याला ओवाळते. गेल्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, तरी तिने तबक मागितले. कोणी नको म्हटले नाही.

अर्जदाराने खोटे लिहिलेले नाही, चुकीचे लिहिले आहे. हा फरक कागदावर यावा.

५. फीबाबत वाद नाही. जानेवारी ते जुलैची फी, उशिराचा आकार धरून, अर्जदाराच्या पेन्शनीतून भरण्यात येईल. गुरुदत्त मी भरतो म्हणतो. त्याची पत्नी कौमुदी हिनेही, बाबा, तुम्ही यात पडू नका, आल्झो (म्हणजे इकडचे ‘तर मग’), आम्ही बघतो, असे फोनवर सांगितले. परंतु चूक अर्जदाराच्या हातची आहे. जुलैनंतर ओजस मोठ्या शाळेत जाईल. मग ईश्वरीला इकडच्या शाळेत अर्जदार स्वतः नेऊन सोडील. तोवरचे चार महिने तिला तिथे राहू द्यावे. मधल्या सुट्टीत ती ओजसशेजारी बसून डबा खाते. घरी ती दोन घास खाऊन उठते, डबा मात्र रिकामा येतो. तो ती संपवते की ओजस, याची चौकशी अर्जदाराने केलेली नाही.

६. आपल्या पत्रात नमूद आहे की, कार्यालयातून शाळेत फोन करून विचारले असता, ओजस माझा ‘ब्रूडर’, म्हणजे सख्खा भाऊ, आहे असे मुलीने सांगितले, अर्थात तिलाही तसे पढवलेले दिसते. सबब नाते स्पष्ट करण्यासाठी तिला दि. ३ एप्रिल रोजी समक्ष हजर करावे, असे आपण कळवले आहे. तिला कोणी पढवले नाही. मराठीत विचारले तरी ती जर्मनमध्ये उत्तर देते. तिला पढवण्याइतके जर्मन अर्जदाराकडे नाही.

जानेवारीत नव्या पत्त्याची नोंद करायला आम्ही इथल्या कचेरीत गेलो होतो. खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. घरात माणसे किती, असे त्यांनी कौतुकाने ईश्वरीलाच विचारले. ती ‘द्राय’ म्हणाली, म्हणजे तीन. अर्जदार मुदतवाढीच्या व्हिसावर आहे, तो त्यात धरला जात नाही, हे तिला ठाऊक होते. बाईंनी समोरचा कागद पाहिला, मग मुक्ताकडे पाहिले. ईश्वरीने बोटांवर पुन्हा मोजले आणि ‘त्स्वाय’ म्हणाली. बाईंनी दोन लिहिले. अर्जदार शेजारीच बसला होता. उत्तर बरोबर होते.

तरी विनंती की, नोंदीत चुलत असे खुशाल लिहावे. खोट्या माहितीचा शेरा ठेवायचाच असेल तर तो अर्जदाराच्या नावावर ठेवावा. दि. ३ रोजी अर्जदार एकटा हजर राहील आणि ओजस तिचा ब्रूडर नाही, हे आपण म्हणाल त्या भाषेत लिहून देईल. तिच्याकडून ते वदवून घेऊ नये. तिला या वर्षी आणखी एक माणूस वजा करायला लावू नये.

याहून अधिक अर्जदारास लिहिता येत नाही.

आपला नम्र,
(सही) आ. द. बारटक्के
ओबरहाझेलाख, दि. २४ मार्च २०२५

सोबत:
१. मुखत्यारपत्राची प्रत
२. ईश्वरी व ओजस यांचे जन्मदाखले
३. नागेश यांचा मृत्युदाखला (मूळ प्रत परत मिळावी)

भाषांतराबाबत: परिच्छेद १ ते ५ चे जर्मन चि. मुक्ता हिने करावे. सहावा गुरुदत्त करील. मुक्ताच्या प्रतीत तो घेतलेला नाही.